आईचा तांब्या आणि गडावरचं टाकं

दिवाळी आमच्या घरी करत नसत, पण दिवाळीची सुट्टी मात्र आम्ही मनोभावे पाळायचो. मी सहावीत होते त्या सुट्टीत बाबांनी जाहीर केलं की आपण अकोले तालुक्यातल्या डोंगरात जायचं. नागापूरच्या कारखान्यात बाबांच्या शेजारच्या मशीनवर त्या भागातला एक ठाकर सोबती कामाला होता. त्याच्या घरी दोन दिवस मुक्काम करायचा आणि गड चढायचा, असा बेत होता. मी आणि धाकटा भाऊ उड्या मारायला लागलो. आईनं एवढंच विचारलं, "त्यांना सांगितलंय का?"

"काय सांगायचं?" बाबा म्हणाले.

काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आई पाथर्डीकडच्या कोरड्या गावात वाढली. तिथल्या विहिरीला आमच्या माणसांनी हात लावायचा नाही. तिची आई रिकामी घागर घेऊन काठापासून लांब उभी राहायची आणि कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला, घरातले देव नदीत सोडले, पण विहिरीवरच्या लोकांनी त्यांचं काहीच सोडलं नव्हतं. हे सगळं बघून आईनं स्वतःपुरता एक नियम केला होता. परक्याच्या घरी आपलं पाणी, आपलं ताट, आपली भाकरी न्यायची. मागितलंच नाही तर नाही कोण म्हणणार?

म्हणून आमच्या पिशवीत पितळी तांब्या, चार ताटल्या आणि फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकऱ्यांची चवड होती. "पोरांच्या समोर कुणी हात आखडला तर मी तोंड कुठं लपवू?" असं ती बाबांना म्हणाली, ते मी ऐकलं. बाबा नुसते हसले. मला त्यांचा रागच आला.

राजूरला एसटीतून उतरलो, पुढे जीप, आणि जीपचा रस्ता संपला तिथून पायी. तोवर मला डोंगर म्हणजे काय ते माहीत होतं असं वाटायचं. आमच्याकडे ज्याला डोंगर म्हणतात त्यावर शेळ्या चढतात आणि संध्याकाळी उतरतात. इथे एका वळणावर मी मान वर केली, आणखी वर केली, तरी कडा संपेना. काळा, सरळ, आणि त्याच्या अंगावरून पाण्याच्या बारीक धारा अजून उतरत होत्या. पाऊस उघडून किती दिवस झाले होते! मला एकदम भीती वाटली आणि रडावंसंही वाटलं. 

आई कड्याकडे बघतच नव्हती. ती वाटेकडेच्या ओहळाकडे बघत होती. पाणी वाटेवरून वाहत होतं, भाताच्या खाचरांतून एकातून दुसऱ्यात पडत होतं, आणि कुणी त्याची राखण करत नव्हतं. "एवढं पाणी," ती म्हणाली, "आणि मालकच न्हाई."

सोबत्याचं घर उतारावर होतं. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या. वर कौलं, एका अंगाला गुरं. सोबती सुट्टीला आधीच येऊन पोचला होता; एरवी घरात त्याची म्हातारी आई एकटीच. तिनं पडवीत आम्हाला पाण्याची कळशी आणून दिली. "आमच्याजवळ आहे," म्हणून आईनं आपला तांब्या काढला. मग कोरा चहा आला. तो आम्ही प्यायलो, कारण चहाची काही सोय आईनं केली नव्हती. पण प्यायल्याबरोबर तिनं, गावी आमच्या माणसांना करावं लागे तसं, चारही कप विसळले आणि पडवीच्या कडेला पालथे घातले. जेवायच्या वेळी तिनं फडकं सोडलं. आत चुलीवर भाकरी भाजल्याचा वास येत होता आणि आम्ही कालच्या भाकऱ्या चावत होतो. म्हातारी दारात आली, आमच्या ताटल्यांकडे बघितलं आणि आत गेली.

"बघितलं?" आई पुटपुटली. "आत बोलावलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गड चढायला निघालो तर म्हातारी पुढे. साठीच्या पुढची, अनवाणी, आणि चालणं असं की कारखान्यात उभं राहून कमावलेले बाबांचे पाय तासाभरात बोलायला लागले. शेवटी कातळाला लावलेली लोखंडी शिडी आली. आईनं पदर खोचला आणि डोळे मिटले. "डोळं उघड बाय," म्हातारी आता मागे येऊन खालून म्हणाली. "मी हाय मागं. पडलीस तर माझ्यावर पडशील."

वर पोचलो आणि मी वेडी झाले. सगळीकडे डोंगर, एकामागे एक, शेवटी निळसर होऊन आभाळात गेलेले. आमच्या पायांखाली एक घार उडत होती. घारीची पाठ मी जन्मात पहिल्यांदा बघितली. आपण किती लहान आहोत हे कळून एवढा आनंद होतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाबा, भाऊ आणि सोबती कड्याला पडलेलं आरपार भोक बघायला पुढे गेले. मला तहान लागली होती, म्हणून मी या दोघींबरोबर थांबले. जवळच कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं, तळ दिसेल इतकं स्वच्छ. आई तांब्या घेऊन टाक्याकडे गेली आणि चार पावलं अलीकडेच थांबली. तांब्या पुढे धरून नुसती उभी. कुणीतरी भरून घालेल याची वाट बघत. ती कशी उभी होती हे तिचं तिला कळलं नसावं, मला मात्र कळलं. आजीला मी असं उभं कधी बघितलं नव्हतं, तरी ही आजीच होती.

"भर की," म्हातारी म्हणाली. आई हलली नाही. तेव्हा म्हातारीचा बांध फुटला. "कालपासून बघते मी. आमचं पानी न्हाई, भाकर न्हाई. चहा घेतला तर कप धुऊन टाकला. आमी ठाकर, रानातली मानसं. तुमा शेरातल्यांना आमचं चालत नसंल तर आलात कशाला?"

आई तिच्याकडे बघतच राहिली. "आमाला चालत न्हाई?" तिचा आवाज चिरकला. "अवो मावशी, तुमाला आमचं चालायचं न्हाई म्हनून मी..." आणि तिनं सगळं सांगितलं. आम्ही कोण, विहीर, घागर, सगळं.

म्हातारी टाक्यातल्या पाण्याकडे बघू लागली.  आता ही उठून जाईल, असं मला वाटलं.

"खोटं कशाला बोलू," ती शेवटी म्हणाली. "आमच्यात बी पाळलंय ते. माझी सासू पाळायची. मी पाळत न्हाई म्हनलं तर तू कशाला इस्वास ठेवशील?" ती टाक्याच्या काठावर खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांची ओंजळ आईपुढे केली. "घाल पानी."

आई ती चार पावलं गेली, वाकली आणि आपल्या हातानं तांब्या भरला.  ओंजळीवर धरलेला तांब्या तिनं मधेच मागे घेतला. "ओंजळ नको," ती म्हणाली. "ओंजळ आमच्या आईनं लई केली. तांब्याच घ्या."

म्हातारी तोंड लावून प्यायली. उरलेलं आई प्यायली, तीही तोंड लावून. मग मला दिलं. दात दुखावेत असं गार पाणी होतं.

संध्याकाळी आई चुलीपुढे होती. नागलीची भाकरी तिच्या हातावर फाटत होती आणि म्हातारी पोट धरून हसत होती. उरलेल्या बाजरीच्या भाकऱ्या म्हातारीनं आवडीनं खाल्ल्या आणि आमच्याहून तुमची भाकरी चिवट, असा शेराही मारला.

तिसऱ्या दिवशी चहा घेऊन निघालो. खिंडीशी आई एकाएकी थांबली. काही राहिलं की काय, म्हणून बाबांनी पिशवी चाचपली.

"मी कप विसळला न्हाई," आई म्हणाली. "तसाच ठेवून आले." आणि पहिल्यांदाच मान वर करून ती त्या कड्याकडे बघत राहिली.