पडद्यावरचा दोर

क्रेनला ओझं बांधायला शिकवणाऱ्या बाईंचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. वर्गातले जुने संगणक चालू व्हायला वेळ खात, म्हणून त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसत. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या एका साधनावर त्या ओझं, दोर आणि कोन शिकवत. पडद्यावर दोन दोर एकमेकांपासून फाकवले की ताणाचा आकडा चढताना दिसे.

एके दिवशी वर्गातल्या सगळ्यात दांडग्या, पण बुटक्या शिकाऊनं दोर जवळजवळ आडवे केले. आकडा लाल झाला, पण ओझं लटकतच राहिलं.

"काही होत नाही, बाई. उद्या यार्डात असंच बांधतो. उभे दोर मावत नाहीत, छप्पर बुटकं आहे तिथलं."

"तुझ्यासारखंच," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे खिदळले.

त्या साधनात दोर तुटतच नव्हता, आणि हे बाईंनी कधी सांगितलं नव्हतं.

दुपारी त्यांनी बाजारातून बारीक दोर आणला आणि सगळ्यांना आवारातल्या जाळीमागे उभं केलं. दोर उभट बांधल्यावर लोखंडी ठोकळा मुकाट वर गेला. मग त्यांनी तोच ठोकळा दोर फाकवून उचलायला घेतला. दोर करकरू लागला.

"बाई, खाली घ्या," दांडगा हळूच म्हणाला.

"बघ नुसता."

दोर तुटला. त्याचं टोक सणसणत जाळीवर आदळलं आणि ठोकळा जमिनीत रुतला. कुणी हसलं नाही.

त्यानंतर दर नव्या तुकडीसाठी बाईंच्या पगारातून एक दोर येत राहिला, फक्त तोडण्यासाठी.