सुकरूचा कोंबडा

दक्षता पथकाच्या अहवालात चंपतराव असे आहेत : ‘उमेदवाराचे वडील. वय चोपन्न. वर्ण सावळा. नाक मध्यम रुंद. केस सरळ, पुढून विरळ. व्यवसाय मोटर वाइंडिंग. घरात एक फ्रिज, एक कूलर, एक दुचाकी. बोली मराठी. जमातीच्या चालीरीतींबाबत माहिती मोघम. वर्तन सहकार्याचे.’

जमातीचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा चंपतरावांच्या नाकाकडे बघायला लागेल, आणि ते काम सरकारी खर्चाने झालेलं आहे.

धरमपेठेतल्या एका मागच्या गल्लीत चंपतराव जळालेल्या मोटरी पुन्हा भरून देतात. काळी पडलेली तार तोडून काढायची, नवी तार वेढे मोजत बसवायची, वर वार्निश. उन्हाळ्यात शहरातले कूलर, एरवी नरखेड तालुक्यातल्या संत्राबागांचे पंप. मोजताना ते बोलत नाहीत. एकदा एका गिऱ्हाइकाने मध्येच विचारलं, तुम्ही लोक मूळचे कोण? चंपतराव म्हणाले, “दोनशे बारा,” आणि पुढचा वेढा घातला.

त्यांची मुलगी दीपमाला. तिला बारावीनंतर पशुवैद्यकीय कॉलेजात जागा मिळाली, आदिवासींसाठी राखीव असलेली. जमातीचा दाखला होता. पण तो दाखला खरा आहे असं सांगणारं प्रमाणपत्र लागतं. ते पडताळणी समिती देते, आणि तीस तारखेच्या आत कॉलेजात पोचलं नाही तर जागा जाते. कागद एक कमी पडला. दीपमालेच्या पणज्याचा शाळेचा दाखला नव्हता, कारण शाळेने पणज्याला घेतलं नव्हतं. घेतलं नव्हतं असा दाखला शाळा देत नाही. मग उरली आप्तभाव चाचणी. म्हणजे पथक घरी येतं, आणि तुम्ही जे आहात ते तुम्हाला पाठ आहे का, हे विचारतं.

त्या प्रश्नावलीला इतिहास आहे. शंभरेक वर्षांपूर्वी पारशिवनीजवळ एका इंग्रज साहेबाचा तंबू पडला. माणसाचा वंश नाकात असतो, अशी त्या काळी साहेबलोकांची खात्री होती. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. आकडा जितका मोठा, तितका माणूस खालचा. साहेबाचं नाक कुणी मोजलं नाही. त्याने दिवसभर लोखंडी चिमट्याने गावाची नाकं मोजली, संध्याकाळी रीतिरिवाज विचारले आणि जाड पुस्तक लिहिलं. वंश नाकात नसतो, मुळात कशातच नसतो, हे पुढे शास्त्राने मान्य केलं. समितीच्या प्रश्नावलीला ते कुणी कळवलं नाही. तिचे सव्वीस प्रश्न त्याच पुस्तकातून उतरवलेले आहेत.

उत्तरांच्या झेरॉक्सही फिरतात. ज्यांनी पाठ केल्या ते पास झाले. त्यांतले काही त्या जमातीचे होतेही. दीपमालेनं एक झेरॉक्स आणून आठवडाभर घोकली होती.

पथक पारशिवनीजवळ, चंपतरावांच्या मूळ गावातल्या घरी आलं. एक संशोधन अधिकारी, एक लिहिणारा. अंगणात खाटेवर चंपतरावांची आई, सिंधूताई, वय ब्याऐंशी.

“सर, नाक कशानं मोजणार?” दीपमालेनं विचारलं.

“नुसतं बघायचं असतं.”

“बघा.”

अधिकाऱ्यांनी बघितलं. मग म्हणाले, “तुझी मराठी फार स्वच्छ आहे. घरात आपली बोली नाही बोलत?”

“बोललो तं गुरुजी मारत होते साहेब,” चंपतराव म्हणाले. “माह्या टायमाले बंद झाली.” मग त्यांनीच विचारलं, “साहेब, एक सांगू का? नरखेडकडे एका बगिच्यात पंप बसवाले जातो मी. एकोणीस वर्षं झाले. तिथं माहा चहाचा कप वेगळा ठेवते, गोठ्याच्या कोनाड्यात. ते पुराव्यात धरता येते का?”

“तसा रकाना नाही.”

सोळा प्रश्न नीट गेले. सतरावा : मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशीचा विधी. दीपमाला तोंड उघडणार, तोच सिंधूताई हसायला लागल्या.

“कोंबड्याचं इचारून राहिला का गा हा?”

“हो आजी, कोंबड्याचंच,” अधिकारी म्हणाले.

“मोहाच्या झाडाले उलटा टांगाचा. आन् थोरल्या सुनंनं मांगं मांगं चालत पाच फेरे घ्याचे. हेच ना?”

“अगदी बरोबर.” लिहिणाऱ्याचा पेन पळू लागला. “तुम्ही घेतले होते फेरे?”

“काहून घेऊ? पडून मरू का?” त्यांनी डोळे पुसले. “माह्या सासऱ्याचा बाप होता, सुकरू. त्यानं फेकली होती ते. साहेबानं दिवसभर त्याचं नाक दाबलं, नाक सुजून गेलं. मंग साहेब इचारे, मेल्यावर काय करता? सुकरूनं हे सांगून देलं. सारं गाव तंबूमांगं हासून राहिलं होतं, आन् साहेब लिहून राहिला होता. मी नवी नवरी होती तवा म्हाताऱ्यानं स्वतः सांगतलं मले.” मग नातीकडे वळून म्हणाल्या, “झालं ना वं आता? ही आपल्याच घरची गोष्ट हाय. दुसऱ्या कोणाले कशी मालूम राहीन?”

त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. तेवढंच चुकलं.

“म्हणजे हा विधी तुम्ही करत नाही,” अधिकारी म्हणाले.

“खोटा हाय तं कसा करू?”

“पुस्तकात आहे, आजी.”

“पुस्तकात टाकला कोणं?”

“सर, असं लिहा ना,” दीपमाला म्हणाली, “की पुस्तकाला माहिती ज्यानं दिली, त्याचं हे घर आहे.”

“पुस्तकात त्याचं नाव नाही. ‘एक स्थानिक’ एवढंच आहे.”

अठ्ठावीस तारखेला आदेश आला. ‘उमेदवाराचे कुटुंब जमातीच्या मृत्युविधीस खोटा म्हणते व त्याची थट्टा करते. आप्तभाव सिद्ध होत नाही. दावा अमान्य.’ त्याच दिवशी दुसऱ्या एका उमेदवाराचा दावा मान्य झाला. त्याच्या काकूंनी पथकासमोर मागे मागे चालून दाखवलं होतं. मोहाचं झाड नव्हतं, कडुनिंब चालला.

हायकोर्टात जाता येतं. वकील म्हणाले, लागेल निकाल आपल्या बाजूने, चार-सहा वर्षांत. जागा एक तारखेला पुढच्या यादीत गेली. नाकं मोजून माणसांची उतरंड लावायला आलेल्या एका साहेबाला सुकरूने एका संध्याकाळी उल्लू बनवलं. त्याची शिक्षा साहेबाच्या सरकारने दिली नाही. आपल्याने दिली, त्याच्या खापरपणतीला.

“मी बोलाले नाई पाहिजे होतं,” सिंधूताई म्हणाल्या.

“तू बरोबर बोलली आजी. त्या सुकरूनं जरा सोपा विधी सांगाचा होता. फेरे सरळ ठेवले असते तं तूही घेतले असते.” दीपमालेनं ती झेरॉक्स, मागच्या कोऱ्या बाजूवर तारेचा हिशोब करायला, बापाला देऊन टाकली. त्या दिवशी नरखेडकडच्या पंपाची मोटर भरताना चंपतरावांचे वेढे चुकले. सगळी तार उसवून त्यांनी पहिल्यापासून मोजली.

तर चंपतराव त्या जमातीचे नाहीत, असं आता शिक्क्यानिशी ठरलेलं आहे. शनिवारी ते नरखेडकडच्या बगिच्यात तो पंप बसवायला गेले. चहा आला तेव्हा त्यांनी गोठ्याच्या कोनाड्यातला कप काढला आणि धुऊन पुढे धरला.