मेस्त्रींचा ब्रश

गेल्या महिन्यात सांगलीहून तात्या मेस्त्रींच्या सुनेचा फोन आला. "आवं बाई, मामंजी गेले," एवढंच ती म्हणाली... तेव्हा मी आमच्या जुन्या कॉम्प्युटरमागची धूळ झाडत होते, आणि हातात ब्रश होता तो मेस्त्रींनीच दिलेला.

मेस्त्री टाइपरायटर दुरुस्त करायचे. सत्तर-पंचाहत्तर सालच्या सुमारास सांगली-साताऱ्याकडच्या कितीतरी कचेऱ्यांत ते खाकी पिशवी घेऊन एसटीनं जायचे. मी जत तालुक्यातल्या एका कचेरीत तात्पुरती टायपिस्ट होते. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात मिळवती मी एकटी. जतला पाऊस यायचा विसरेल, पण धूळ रोज हजर! मशीन जड चालायला लागलं तेव्हा मी अक्कल चालवली. आईचं शिलाई मशीन कुरकुरलं की ती तेल सोडायची, तसं तेच तेल मीही सोडलं, चांगलं सढळ हातानं. दोन दिवस मशीन लोण्यासारखं चाललं. मग तेलात धूळ बसून असा काही चिखल झाला, की वर गेलेलं अक्षर खाली येईना. अव्वल कारकून म्हणाले, "भंगारात काढा हे. आणि मशीनच नाही तर टायपिस्ट तरी कशाला?"

शेवटचा उपाय म्हणून मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी झाकण काढलं, आत बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "कुणाचा प्रताप हा?" अव्वल कारकुनांनी विचारलं. खरं सांगायला हवं होतं, पण तोंडच उघडेना. मेस्त्री शांतपणे म्हणाले, "माझीच चूक हाय सायेब. मागल्या खेपेला माझ्या हातनं तेल जास्त पडलं. मशीन मोडल्यालं न्हाई, तुंबलंय. आज चालू करून देतो." सगळ्या कचेरीसमोर त्यांनी बोलणी खाल्ली. मग दिवसभर रॉकेलनं एकेक अक्षर धुतलं, आणि संध्याकाळच्या गाडीआधी मशीन पुन्हा टकटकायला लागलं. त्या कचेरीनं पुढं वर्षभर त्यांना बोलावलं नाही. तेव्हाही मी गप्पच राहिले.

जाताना त्यांनी पिशवीतला ब्रश माझ्या टेबलावर ठेवला. "पोरी, मशीन वापरून मरत न्हाई. धुळीनं मरतं, न्हाईतर आपल्या शहाणपणानं. अक्षरांच्या दांड्यांना तेल दावायचं न्हाई. सकाळी च्याच्या आधी ब्रश, जाताना झाकण. बास." मी ते व्रतासारखं पाळलं. मी कायम झाले, अव्वल कारकून आले नि गेले, मशीन मात्र हललं नाही. माझ्या निरोप समारंभाचं पत्रकसुद्धा त्याच्यावरच टाइप झालं.

पुढं कधीतरी मेस्त्री घरी आले होते. कॉम्प्युटर सारखा बंद पडतो, आता नवाच घ्यायचा, असं मुलगा म्हणत होता. मेस्त्रींनी कॉम्प्युटरच्या पाठीवर तळवा ठेवला. "लय तापलंय रं. ह्याचा श्वास कोंडलाय." मुलानं उघडून पाहिलं तर आतल्या पंख्यावर गोधडीसारखी जाड धूळ! मी ब्रश आणून दिला. मेस्त्रींनी तो लगेच ओळखला, आणि माझा बांध फुटला. "मेस्त्री, त्या दिवशी ते तेल..."

"ठावं हाय की. शिलाई मशीनच्या तेलाचा वास मला कळंना व्हय?" ते हसले. "मशीन बी टिकलं, तू बी टिकलीस. आता कशाला उकरतीस?" मला पुढं बोलूच दिलं नाही.

तो कॉम्प्युटर अजून चालतो. ब्रशचे केस निम्मे झडलेत, तरी सकाळी चहाच्या आधी हात त्याच्याकडेच जातो. आज मला अडवायला मेस्त्री नाहीत, म्हणून जे तेव्हा कचेरीत सांगायचं होतं ते इथं चारचौघांत सांगते. ते तेल मी घातलं होतं. मेस्त्रींच्या हातून तेलाचा एक थेंबही कधी जास्त पडला नाही.