'येतो' म्हणजे कधी

"थोडं म्हणजे किती?"

हा प्रश्न शेजारच्या काकांनी आयुष्यात किती वेळा विचारला असेल, याचा हिशेब त्यांनाच करायला सांगायला हवा होता. भोपाळमधल्या आमच्या कोटऱ्यातल्या गल्लीत कुणी त्यांच्याकडे थोडं विरजण मागितलं, की ते चष्मा कपाळावर चढवत, अंगठा आणि तर्जनी यांच्यात बारीकशी फट धरत, ती फट डोळ्यांसमोर नेत आणि विचारत, "थोडं म्हणजे किती?" नुकतीच लग्न होऊन आलेली सून असली तर बिचारी विरजण न घेताच घरी परतायची.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. अशा माणसांचा आपल्याला राग येतो, कारण ते आपल्याला बरोबर पकडतात. मला तर यायचाच. मी शाळेत शिकवते. दिवसभर पोरांचा गलका ऐकून घरी यावं, शेजारधर्म म्हणून "काका, जरा बसा ना" म्हणावं, तर हे मनगटावरच्या घड्याळाकडे बघून विचारणार, "जरा म्हणजे?"

बरखेड्याच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. दुसऱ्यांनी घडवलेले लोखंडी भाग मोजायचे आणि केसभर फरक निघाला तरी परत पाठवायचे, हे त्यांचं काम. खात्यात ते कुणाला फारसे आवडत नसावेत, पण त्यांनी पास केलेला भाग पुढे कुणी पुन्हा मोजत नसे, असं त्यांचे जुने सोबती सांगायचे. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून ते आमच्या शेजारी राहायला आले आणि त्याच वर्षी काकू गेल्या.

एकुलती एक मुलगी मेघना इंजिनीअर झाली आणि नोकरीसाठी पार मेक्सिकोत जाऊन पोचली. केरेतारो नावाचं शहर, तिथे मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी. नवऱ्याशी पटलं नाही, तो वेगळा झाला. पदरात दोन वर्षांची इरा आणि पहाटे पाचला दारात कंपनीची बस. तेव्हा भोपाळ आणि नागपूर याखेरीज जग न पाहिलेल्या या माणसाने पासपोर्ट काढला. तिथे राहायची परवानगी एका वेळी एकशे ऐंशी दिवसांची, म्हणून मग सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे असं त्यांचं चक्र सुरू झालं. ते इकडे असले की तिकडे एक बाई इराला सांभाळायची. घराची किल्ली माझ्याकडे असायची, किल्लीबरोबर सूचनांचा कागद, आणि कागदावर कढीपत्त्याला किती तांबे पाणी घालायचं तो आकडा.

परत आले की आमच्या पडवीत त्यांचा दरबार भरायचा. तिकडे निवडुंगाची भाजी खातात हे ऐकून माझ्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. काकांनी ती भाजी काळा मसाला घालून करून पाहिली होती, शिळ्या तोर्तियांचा, म्हणजे तिकडच्या मक्याच्या पोळ्यांचा, कुस्कराही केला होता आणि इरा तो चाटूनपुसून खाते म्हणायचे. तिच्या वेण्या तेच घालायचे. एकदा त्यांनी फोटो दाखवला. पाठमोरी पोर, मधोमध सरळ भांग आणि दोन वेण्या. मी म्हटलं, किती सुंदर. ते म्हणाले, "नीट बघ, मास्तरीणबाई. दोन्ही सारख्या आहेत." मी शिक्षिका, म्हणून मी मास्तरीणबाई. हे बोलताना त्यांचा आवाज जरा हलला होता, ते मी तेव्हा ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तिकडच्या लोकांवर त्यांचा जीव होता, तक्रार एकच होती. नळ दुरुस्त करणाऱ्याला फोन केला की तो म्हणतो, 'आओरीता'. आओरीता म्हणजे आत्ता. हे आत्ता म्हणजे पाच मिनिटांनी असू शकतं, परवा असू शकतं, किंवा नसूही शकतं. नळवाला तिसऱ्या दिवशी हसतमुखाने आला. शब्दाला काही माप नको का, असं काका कळवळून विचारायचे.

पहिल्या खेपेहून ते आले आणि आठवड्याभरातच एका संध्याकाळी आमच्याकडे येऊन नुसते बसून राहिले. सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. निघताना त्यांनी इराचा गालगुच्चा घेतला होता आणि आपण सगळेच म्हणतो तसं म्हटलं होतं, "येतो हं, बाळा." ती अडीच वर्षांची. येतो म्हटलं म्हणजे येणारच. ती पायांत बूट घालून दाराशी जाऊन बसली. जेवायला उठेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मेघनाने बापाला त्रास नको म्हणून चार दिवस हे सांगितलंच नाही. आता व्हिडिओवर आजोबा दिसले की पोर पाठ फिरवून बसत होती.

"मी तिच्याशी खोटं बोललो," ते म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "अहो भाऊजी, येतो म्हणायचीच रीत आहे. 'जातो' काय म्हणायचं?"

"रीत तिला कुठं माहीत आहे, वहिनी? तिला फक्त शब्द माहीत आहे."

मला तेव्हा चिडवायची हुक्की आली. मी म्हटलं, काका, आपलं 'येतो' म्हणजे त्यांचं 'आओरीता'च की. मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत, विचारात पडले.

पुढच्या आठवड्यापासून गल्लीत वेगळाच प्रकार सुरू झाला. काका कुणाच्याही घरून उठताना दारात थांबून स्पष्ट आवाजात म्हणू लागले, "जातो." ते सराव करत होते. मराठी घरांत लोक दचकायचे. आमच्या सासूबाई तर त्यांना उंबऱ्यातून परत आत बोलवायच्या, खुर्चीवर बसवायच्या, तळहातावर साखर ठेवायच्या आणि नीट 'येतो' म्हणवून घेऊन मगच सोडायच्या. काका साखर खायचे, वहिनींच्या समाधानासाठी 'येतो' म्हणायचे आणि फाटकाबाहेर पडलं की हळूच "जातो" म्हणून हिशेब पुरा करायचे. पलीकडचे शर्माजी मला विचारायला आले, "भाभीजी, अंकल की तबीयत तो ठीक है ना?"

मी मध्यममार्ग सुचवला. "'निघतो' म्हणा ना. त्यात अशुभही नाही आणि खोटंही नाही."

"निघतो म्हणजे कुठे? किती दिवस? त्यात माप नाही."

मग मात्र आमचा वाद झाला. मी म्हटलं, लहान मुलांशी थोडं गोड बोलावंच लागतं. दर वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी मी रडणाऱ्या पोरांना सांगते, आई आत्ता येईल. ते शांतपणे म्हणाले, "आणि ती दिवसभर दाराकडे बघत बसतात ना?" बसतात, हे खरंच होतं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी जायच्या दहा दिवस आधी इराला समोर बसवून सांगितलं, मी जाणार आहे, एकशे ऐंशी दिवस येणार नाही, मग येईन. तिने अख्खी दुपार रडून काढली. त्यांच्या चपला खिडकीतून बाहेर फेकल्या. विमानतळावर ते "जातो" म्हणाले तेव्हा ती आईच्या खांद्यात तोंड खुपसून "जा" म्हणाली. पण त्या संध्याकाळी ती जेवली, आणि तिसऱ्या दिवशी व्हिडिओवर स्वतःहून बोलायला आली. हे आम्हाला सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू आयुष्यभर दुसऱ्यांची कामं तपासणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणी तरी पास केलं असावं. मी मनातल्या मनात त्यांच्यापुढे हात टेकले, तोंडाने कबूल केलं नाही.

तिसरी खेपही तशीच पार पडली. चौथ्या खेपेची तयारी चालू असताना त्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यातून घरी आले ते हृदयाची निम्मी ताकद गमावून. इतका लांबचा विमानप्रवास यापुढे नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मेघनाने फोनवर त्यांना गळ घातली, "बाबा, पुढच्या महिन्यात येतो म्हणा. मग त्याच्या पुढच्या. हळूहळू सवय होईल तिला." मी मेघनाच्या बाजूची होते. आजारी माणसाने हे कशाला ओढवून घ्यायचं, असं मला मनापासून वाटत होतं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मला बोलावलं. एकट्याने होणार नाही म्हणाले. फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ. इरा आता पाच वर्षांची, समोरचा एक दात पडलेली.

"इरा, मी आता तिकडे येणार नाही. माझं हृदय बिघडलं आहे. विमानात बसता येत नाही."

"एकशे ऐंशी दिवस?"

"नाही. कधीच नाही."

तिने पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवली. मला फोन बंद करावासा वाटत होता. काका हलले नाहीत. मग ती म्हणाली, "मग मी येते."

"कधी?" सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं.

तिने मागे वळून आईला विचारलं. मेघना म्हणाली, रजा मिळाली की जाऊ. "रजा म्हणजे कधी?" पोरीने विचारलं, आणि मेघनाला 'जुलैत' असं कबूल करावं लागलं. फोन ठेवल्यावर काका हसता हसता रडले. मी चहा केला, साखर किती हे न विचारता.

ते मेच्या शेवटी गेले. सकाळी दूधवाल्याने बऱ्याच हाका मारल्या, मग तो माझ्याकडे किल्ली मागायला आला. काका पलंगावर कुशीला वळून शांत निजलेले होते. नागपूरच्या पुतण्याने सगळं केलं. मेघना इराला घेऊन तिसऱ्या दिवशी पोचली, आणि घर माणसांनी भरून गेलं.

दुपारी मी त्यांच्याकडे जेवणाचे डबे घेऊन गेले. इरा बाहेर पायरीवर एकटीच बसलेली होती. फोनमधून ओळख होतीच. मी शेजारी बसले.

"आई म्हणाली, आजोबा नागपूरला गेलेत," ती म्हणाली. "पण ते मला सांगितल्याशिवाय जात नाहीत."

खरं सांगते, 'येतील हं' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पंधरा वर्षं हेच तर सांगत आले आहे. आत आई आहे, सांगायचं ते ती सांगेल, आपण कोण, असंही वाटून गेलं. पण ती माझ्याकडे डोळे रोखून बघत होती आणि मला त्या डोळ्यांसमोर ते म्हणता येईना.

"आजोबा नागपूरला नाही गेले, इरा. ते वारले. आता ते परत येणार नाहीत."

"मग त्यांनी मला का नाही सांगितलं?"

"त्यांनाच माहीत नव्हतं, बाळा."

तिने यावर विचार केला. माझं बोलणं तिला पटलं असावं. मग ती रडायला लागली, मोठ्यांदा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मेघना धावत दारात आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता ही मला बोलणार. ती इराच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. आतून दोघी-तिघी बायका उठून आल्या, पोरीला आत घ्या म्हणू लागल्या. मी त्यांना हाताने थांबवलं, आणि आम्ही तिला रडू दिलं.