‘सांगता येत नाही’चा रकाना

गेल्या मंगळवारी सकाळी वन-नॉर्थच्या ऑफिसात हेडफोन लावून बसले होते, आणि पलीकडून आवाज आला तो माझ्या वडिलांचा... तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

आधी कामाबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अमेरिकेत पुढच्या वर्षी अध्यक्षाची निवडणूक आहे. आमची कंपनी आत्तापासूनच तिथल्या एकेका राज्यातल्या मतदारांना फोन करून त्यांचा कौल घेते. इथे सकाळ झाली की तिकडे संध्याकाळ, माणसं घरी सापडतात. आज ओहायो, उद्या आयोवा...

प्रश्नावली तपासणं हे माझं काम. प्रश्नातच उत्तर सुचवलेलं दिसलं की लाल पेनाने काट मारायची. ऑफिसात सगळे मला टरकून असतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

नवीन माणसाला खऱ्या मतदाराला फोन लावू देत नाहीत. आधी स्टाफपैकी कुणाच्या तरी घरी सरावाचा फोन करायचा. घरच्याने अमेरिकन मतदाराचं सोंग घ्यायचं आणि सुपरवायझरने फक्त ऐकायचं.

श्यू फेन नवीनच आलीय, पन्नाशीची, बेडोकला राहते. तिच्या घरी दिवसा कुणी नसतं. मीच म्हटलं, माझ्या वडिलांना कर, त्यांना वेळच वेळ आहे. आणि सुपरवायझर म्हणून ऐकायलाही मीच बसले.

बाबा सांगलीचे, टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर झालेले. आई गेली आणि मी, एकुलती एक मुलगी, त्यांना इथे परदेशात, बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. त्याला आठ महिने झाले. त्यांच्या लाँग टर्म पासचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं काम झालं, सांगलीच्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं. पुढच्या आठवड्यात तिकडे जाऊन सह्या करायच्या, की झालं.

‘बाबा, आता इथेच राहायचं ना? तिथे एकटे काय करणार?’ मी विचारलं होतं. ‘तू म्हणशील तसं,’ ते म्हणाले. मी निर्धास्त झाले.

फोनवर बाबा रंगात आले होते. ओहायोचे पक्के रहिवासी झाले होते. अध्यक्ष कसा हवा, युद्ध थांबावं का, नोकऱ्यांचं काय... धडाधड उत्तरं. श्यू फेन हसू दाबत होती.

मग एक नेहमीचा प्रश्न आला. माणूस मत द्यायला त्या राज्यात असेल की नाही हे कळावं म्हणून तो असतो. पुढच्या वर्षी मतदानाच्या दिवशी तुम्ही याच पत्त्यावर राहत असाल का?

बाबा बोलेनात. अशा वेळी प्रश्न विचारणाऱ्याने गप्प राहायचं हा आमचा नियम, आणि श्यू फेन गप्प राहिली. तिच्या जागी मी असते तर तेवढ्यात चार वाक्यं बोलून मोकळी झाले असते.

‘मॅडम,’ बाबा त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाले, ‘मुलीला मी हो सांगितलंय. तुम्ही सांगता येत नाही असं लिहा.’

तिला ते सोंगच वाटलं. असं उत्तर देणाऱ्याला आम्ही लगेच सोडत नाही, पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तिने तो वाचला... आजच सांगायचं झालं, तर तुमचा कल कुठे?

‘घरी,’ बाबा म्हणाले. इथे सगळं चांगलं आहे, जावई मुलासारखा आहे, पण खाली उतरलं की नावाने हाक मारणारं कुणी नाही. बायकोने लावलेलं घर तिकडे आहे, ते विकलं की ती पुन्हा एकदा गेल्यासारखं होईल. ‘पण मुलीला सांगू नका. तिने फार धावपळ केलीय.’

मी ऐकतेय हे त्यांना माहीत नव्हतं.

श्यू फेनने माझ्याकडे पाहिलं आणि हे सोंग नाही हे तिला कळलं. तरी ‘थँक यू, अंकल’ म्हणून तिने उरलेले प्रश्न नीट पूर्ण केले. मग माझ्याजवळ येऊन इथल्या ढंगाच्या इंग्रजीत हळूच म्हणाली, ‘युवर फादर मिस होम, लाह. यू नेव्हर आस्क हिम, मेह?’

विचारलं होतं की... पण कसं? तोच प्रश्न कुणी माझ्या टेबलावर आणला असता तर मी उभी काट मारली असती.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगून टाकलं. आधी ते चिडले. ‘चोरून ऐकलंस? पस्तीस वर्षं एक्सचेंजमध्ये काढली मी, कधी कुणाच्या बोलण्याला कान लावला नाही!’ त्यांचं बरोबर होतं. मी माफी मागितली.

मग म्हटलं, ‘बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय?’ आणि मी तोंड मिटून बसले. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

‘सांगलीला,’ ते म्हणाले. आणि लगेच, ‘रागावलीस का गं?’ मला रडूच फुटलं. माझ्या घरी राहून माझाच बाप मला घाबरत होता, आणि आठ महिने मला त्याचा पत्ता नव्हता.

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलंय. बाबांचं ब्लडप्रेशर, एकटेपण, वय... या सगळ्याची काळजी आहेच.

श्यू फेनला मराठी वाचता येत नाही, तरी इथे लिहून ठेवते. थँक यू. मी वडिलांना जे विचारायला हवं होतं ते तू विचारलंस.

रविवारी बाबांचं विमान आहे. त्यांनी जावं असं मला आजही वाटत नाही... पण त्यांची बॅग मीच भरतेय.