उलटी डिश आणि तापीतल्या लाटा

आमच्या कॉलेजच्या लॅबमधून रिझल्ट उशिरा निघतात, किस्से मात्र रोज. समुद्राचा अभ्यास, तोही बुऱ्हाणपुरात, म्हटल्यावर दुसरं काय होणार?

काम सांगायला सोपं. मोबाईलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांचा सिग्नल पाण्यावर आपटून वर उडतो. तो पकडला की पाण्याची उंची कळते, लाटाही कळतात. तापीच्या घाटावर हे जमलं, तर किनाऱ्यावरच्या समुद्र संशोधन संस्थेचे साहेब आम्हाला बोटीवर नेणार होते. मी समुद्र कधी पाहिलाच नव्हता.

*

मी अँटेना पाण्याकडे तोंड करून बसवली आणि जेवायला गेले. राखणीला भूषण, आमचा लॅब असिस्टंट. सुट्टीत घरोघरी टीव्हीच्या डिश लावतो. परत येते तर अँटेना आकाशाकडे.

"ताई, उलटी लागली होती. सीधी करून दिली."

त्या दुपारच्या डेटात तापीच नव्हती.

*

अँटेनाला जोडलेला रिसीव्हर पहिल्यांदा वाजला तेव्हा मी अशी दचकले, की चप्पल नदीत.

"चप्पल जाऊ दे," आमच्या लॅबचे पाटील सर म्हणाले. "सिग्नल आला."

*

एका सकाळी वारा नसताना ग्राफ थरथरायला लागला. मी रडवेली होऊन सरांना फोन केला, "सर, मशीन गेलं."

सर आले. अँटेनाखाली घाटाजवळच्या राजपुऱ्यातल्या गोकुळभाऊंच्या म्हशी डुंबत होत्या.

"समुद्रात लाटा वाऱ्याने उठतात," सर म्हणाले. "आपल्याकडे म्हशींनी."

*

साहेब आले त्या दिवशी पाणी आरशासारखं. उंची घाटावरच्या पाणी मोजायच्या पट्टीशी बरोबर जुळली.

"उंची ठीक. पण लाटा ओळखता येतात, हे कसं मानू? इथे पानही हलत नाही."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "जरा थांबाल का?"

मी पळत गोकुळभाऊंच्या गोठ्यावर.

"भाऊ, म्हशी सोडा ना नदीत."

"अगं पोरी, आत्ताच तर धुऊन आणल्या."

"भाऊ, समुद्राचा सवाल आहे."

म्हशी उतरल्या. ग्राफ थरथरला. साहेबांनी म्हशींकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, परत म्हशींकडे.

"बोटीवर कधी येता?"

*

बोटीवर पहिल्याच दिवशी वारा सुटला. ग्राफ नुसता नाचत होता. तेवढ्यात आईचा फोन.

"कसा आहे गं समुद्र?"

"आई," मी वाऱ्यात ओरडले, "म्हशीच म्हशी!"

शेजारच्या खलाशाने वाकून पाण्यात पाहिलं.