खेळण्यास योग्य

आज गुडघ्याला मलम चोळलं आणि त्या उग्र वासासरशी आमच्या कॉलेजच्या मैदानालगतची खोली आठवली. बाळांनो, हिंजवडीत तेव्हा पहिल्या कंपन्या उभ्या राहत होत्या. मी इंग्रजी शिकवायचे, आणि माझं कपाट नीटनेटकं असतं म्हणून प्रथमोपचाराची पेटीही माझ्याकडेच सोपवली होती. फुटबॉल संघाची वैद्यकीय व्यवस्था तेवढीच. अंतिम सामन्याच्या दुपारी आमचा कप्तान तिथे बाकावर बसला होता. सगळं कॉलेज त्याच्यावर जीव टाकायचं. त्याचा उजवा गुडघा सुजून टणक झाला होता, सामन्यासाठी बोलावलेले डॉक्टर आले नव्हते आणि अर्जावर ‘खेळण्यास योग्य’ या शब्दांखाली कुणाची तरी सही हवी होती. “डॉक्टरांची वाट पाहू या,” मी म्हटलं. “ते येईपर्यंत बक्षीस समारंभ उरकलेला असेल,” क्रीडाशिक्षक म्हणाले. “आपण फक्त सही करा मॅडम, पळायचं त्याला आहे.” कप्तान म्हणाला, “दुखत नाहीये मॅडम, खरंच.” दुखत होतं, ते मला दिसत होतं. मी पट्टी घट्ट बांधली आणि सही केली. त्याने गोल मारला, आम्ही जिंकलो, आणि त्याला उचलून बाहेर आणावं लागलं. पुन्हा तो कधी खेळला नाही. आता त्याच्या नावाचा करंडक आहे. दरवर्षी त्याच्या बक्षीस समारंभात कप्तान लंगडत मंचावर चढतो आणि सगळ्यांना सांगतो, “मॅडमनी सही केली म्हणून मी तो सामना खेळलो.” अगदी मनापासून सांगतो. यंदा येणार नाही, असं मी कळवलंय. ते आभार पुन्हा ऐकण्याचं त्राण आता उरलं नाही.